पालीच्या पायाखालची फरशी

पुतण्याने लेपर्ड गेको पाळायचं ठरवल्यापासून मी काचपेटीपेक्षा तिच्या तळाचाच विचार करतोय. त्याला हवी रंगीत वाळू, पाकिटावर वाळवंटाचं चित्र असलेली. पण ही पाल मुळात वाळूच्या टेकड्यांवरची नाहीच. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातली खडकाळ, घट्ट जमीन हे तिचं घर. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखे चिकटणारे पंजे तिला नसतात, त्यामुळे तिचा वावर जमिनीवरच.

किडा झडपताना सुटी वाळू तोंडात जाते, आतड्यात साचते आणि वाट अडवते. पिल्लं आणि आजारी पालींना हा धोका जास्त. कॅल्शियमच्या नावाने विकली जाणारी वाळू म्हणून मला अजिबात पटत नाही. गालिचाही नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात.

आपल्याकडे वाशिममध्ये शहाबादी फरशीचा तुकडा कुठेही मिळतो. तिची खरखरीत बाजू वर ठेवावी. ती ऊब धरते, पुसायला सोपी असते. उबदार कोपऱ्यात पृष्ठभाग ३१ ते ३३ अंशांवर राहावा, थर्मोस्टॅट लावूनच. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खरी काळजी गार कोपऱ्याची! कात टाकायला ओलसर मॉसची डबीही हवी.

पिल्लू आलं तर सुरुवातीला नुसता पांढरा टिश्यूपेपर अंथरायचा. विष्ठा लगेच दिसते, तब्येतही कळते. पुतण्याला ते फारच साधं वाटतंय. मी मात्र यावर अडून बसणार आहे.