दंडवताच्या खुणा

फोंडा तालुक्यातील आमच्या घरापासून देऊळ हाकेच्या अंतरावर होते. पहाटे तळीवर स्नान करून आजोबा ओलेत्यानेच सभामंडपात येत आणि गर्भगृहासमोर साष्टांग दंडवत घालीत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. खांबाला टेकून मी ते पाहत असे. एवढा उंच, ताठ माणूस क्षणात भुईशी एकरूप होतो, याचे मला त्या वयात मोठे नवल वाटे. "अष्टांगे म्हणजे कोणती हो, आजोबा?" असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखविले : छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. "यांतली पाच भुईला लागतात, तीन देवाला," असे म्हणून ते हसले.

ती मोजणी मला पुन्हा आठवली ती चाळीस वर्षांनी, आणि तीही देवळात नव्हे, तर अतिदक्षता विभागात. मी परिचारिका आहे. २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट गोव्यावर कोसळली, त्या दिवसांत आमच्या विभागातील कितीतरी खाटांवर माणसे पालथी निजविलेली होती. तोंडात श्वासनळी, मान एका बाजूस वळविलेली, एक हात डोक्याच्या दिशेने वर, दुसरा अंगालगत खाली. भूल देऊन त्यांना गाढ निजविले होते. त्या ओळीकडे दुरून पाहताना वाटे, की सारा विभागच कुणापुढे तरी दंडवत घालून पडला आहे.

माणसाला पालथे का घालतात, हे पुष्कळांनी मला विचारले आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. फुप्फुसे आजाराने सुजून जड झाली, म्हणजे उताण्या निजलेल्या रुग्णाचा हा पाठीकडील भाग वरच्या भाराखाली आणि हृदयाच्या ओझ्याखाली दबून मिटतो. रक्त तेथे वाहत राहते, पण त्याला वारा मिळत नाही. रुग्णाला पालथे केले की तो मिटलेला भाग उघडतो आणि प्राणवायू रक्तात मिसळू लागतो. ही कल्पना १९७० च्या दशकातली; पण तिची निर्णायक कसोटी लागली ती फ्रान्स आणि स्पेनमधील अतिदक्षता विभागांत, आणि तिचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या तीव्र विकाराच्या ४६६ रुग्णांपैकी काहींना दर खेपेस किमान सोळा तास पालथे ठेवले, काहींना उताणेच ठेवले. अठ्ठावीस दिवसांत उताण्या गटातले शेकडा सुमारे ३३ दगावले. पालथ्या गटातले शेकडा १६. इतका स्पष्ट लाभ आमच्या शास्त्रात क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु या दंडवताला किंमत पडते, आणि ती कातडी मोजते. त्याच रुग्णांविषयी २०१४ साली जो पुढील अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पालथ्या गटात दाबामुळे होणाऱ्या जखमा अधिक आढळल्या. त्यात आश्चर्य नाही. पाठ ही निजण्यासाठी घडलेली आहे, चेहरा नव्हे. कपाळ, गाल, हनुवटी, छाती, कंबरेची पुढची हाडे, गुडघे, पायांची बोटे, या ठिकाणी हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाचा थर पातळ. हाड वरून दाबते, गादी खालून. मधल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि कातडीचा श्वास कोंडतो. तोंडातून झिरपणारी लाळ ती भिजवून मऊ करते. रक्तदाब टिकविण्यासाठी दिलेली औषधे कातडीकडे जाणारे रक्त आणखी आटवितात. आजोबांच्या कपाळाला भुईने कधी इजा केली नाही, कारण ते क्षणभराने उठत. आमचा रुग्ण सोळा तास उठत नाही; दुखते आहे, एवढेसुद्धा तो सांगू शकत नाही.

आता मला जे सांगावयाचे आहे, ते सांगताना आजही मन संकोचते. एका देवळात पखवाज वाजविणारे एक गृहस्थ आमच्याकडे दाखल होते. वय पन्नाशीच्या पुढचे. माझ्या रात्रपाळीत ते पालथे होते. दर दोन तासांनी आम्ही दोघीतिघी मिळून त्यांचे मस्तक उचलीत होतो, मान दुसऱ्या बाजूला वळवीत होतो, हातांची अदलाबदल करीत होतो. कपाळ पाहिले, गाल पाहिला, डोळा मिटलेला आहे ना, त्यावर भार नाही ना, हेही पाहिले. हनुवटीखाली मात्र हात घातला नाही. श्वासनळी बांधलेल्या फितीची एक घडी तेथे अडकली होती आणि तिच्यावर मस्तकाचा भार पडत होता. अंगावर तो घामाने निथळणारा पोशाख, चष्म्यावर वाफ, हातांवर दोन-दोन मोजे. बोटांना ऊन-थंड कळेना. ही कारणे खरी आहेत. पण ती कारणेच आहेत, निमित्ते म्हणून मी ती पुढे करीत नाही.

सकाळी त्यांना उताणे केले तेव्हा हनुवटीवर रुपयाएवढा जांभळा डाग होता. कातडी फाटलेली नव्हती. आपल्या सावळ्या वर्णावर आरंभीची लाली उमटून दिसत नाही. पुस्तकांतून ज्या लालसर डागाचे वर्णन असते, त्याची वाट पाहत बसले तर वेळ निघून जाते. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा लागतो : भोवतालच्या कातडीपेक्षा ती जागा ऊन आहे की गार, टणक आहे की मऊ, हे स्पर्शाने ताडावे लागते. मी तेच केले नव्हते.

नोंदवहीत 'त्वचा' असा एक रकाना असतो. तेथे 'ठीक' हा शब्द लिहून मी घरी जाऊ शकले असते. डाग दुपारी अधिक गडद झाला असता आणि तो दिवसपाळीच्या नावावर गेला असता. लेखणी हातात धरून मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. आमच्या वडील परिचारिकेने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि एवढेच म्हटले, "ही जखम लिहिली नाहीस, तर ती उद्या दुसऱ्या कुणाच्या हनुवटीवर उगवेल." मी लिहिली : जागा, आकार, रंग, वेळ आणि फितीची घडी.

ते गृहस्थ वाचले. तीन आठवड्यांनी त्यांची पत्नी त्यांना भेटावयास आली, तोपर्यंत त्या डागाची काळी खपली झाली होती. "बाये, तांच्या तोंडार हें कितें जालें?" तिने विचारले. 'यंत्रामुळे असे होतेच' हे उत्तर माझ्या जिभेवर आले होते, आणि ते अर्धे खरेही होते. सर्व काळजी घेऊनही काही जखमा टळत नाहीत. परंतु ही टळली असती. मी तिला तसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पतीच्या हनुवटीला बोट न लावता, बाजूने गाल कुरवाळीत राहिली. तिने मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याचा अधिकार माझा नव्हता.

त्यानंतर आमच्या विभागात पालथे घालण्याचा एक विधीच ठरून गेला. आधी चेहरा आणि छाती पुसून कोरडी करावयाची. कपाळ, गाल, हनुवटी, छाती आणि गुडघे यांवर सिलिकॉनच्या मऊ पट्ट्या लावावयाच्या. डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवावयाच्या; जीभ दातांखाली नाही, हे पाहावयाचे. श्वासनळी धरणारे कठीण साधन काढून मऊ फीत बांधावयाची. छातीवरच्या हृदयालेखाच्या चकत्या पाठीवर न्यावयाच्या. एकही नळी किंवा तार अंगाखाली राहू द्यावयाची नाही. पाच ते सात माणसे लागतात. श्वासनळी सांभाळणारा डोक्याशी उभा राहतो आणि त्याच्याच शब्दावर सारे हलतात. खाटेची डोक्याकडील बाजू थोडी उंच ठेवली की चेहऱ्याची सूज कमी होते. दर दोन तासांनी मान आणि हात बदलावयाचे, मधूनमधून अंगाचा भार किंचित सरकवावयाचा, आणि प्रत्येक वेळी हनुवटीखाली बोट फिरवावयाचे. नव्या मुलींना शिकविताना मी हे शेवटचे वाक्य दोनदा सांगते. का, तेही सांगते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असेल. त्यांना यंत्र नसेल, पण नियम तोच. कूस बदला, अंग कोरडे ठेवा, चादरीची सुरकुती काढा, आणि हाडावरची कातडी रोज पाहा. नुसती पाहू नका, हात लावून पाहा. आपले माणूस रुग्णालयात पालथे असेल, तर 'श्वास कसा आहे' याबरोबर 'कातडी कशी आहे' हेही अवश्य विचारा. चांगली परिचारिका त्या प्रश्नाने रागावणार नाही.

गेल्या वर्षी देवळाच्या जत्रेत ते गृहस्थ मला दिसले. पखवाज गळ्यात होता. हनुवटीवर एक गुळगुळीत, फिकट वण होता, आणि तेवढ्या जागेवर दाढी उगवत नव्हती. त्यांनी मला ओळखले नाही, ओळखणार कसे? मी त्यांच्या मस्तकाशी उभी होते तेव्हा त्यांची दृष्टी, मन आणि वाणी ही तिन्ही निजलेली होती. आजोबांच्या हिशेबाप्रमाणे ती तीन देवाला लागतात. त्या रात्री त्यांची राखण आमच्या हाती होती. पखवाजावर थाप पडली. मी सभामंडपातल्या खांबाला टेकून, लहानपणी उभी राहत असे तशीच, भजन संपेपर्यंत उभी राहिले.