ओंडका की मगर? वाशिष्ठीच्या खाडीतली सफर

चिपळूणला पाहुणे आले की आता त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मगरी कुठे दिसतात?" सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूण ओलांडून पुढे गेली की तिचे पाणी खारे होत जाते, खेडकडून आलेली जगबुडी तिला येऊन मिळते आणि दाभोळपाशी ती समुद्राच्या स्वाधीन होते. दोन्ही काठांना कांदळवन, मध्येच चिखलाची बेटे, आणि त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी. त्या पाहायला हल्ली होड्या सुटतात. खाडीकाठच्या गावांतल्या बऱ्याच घरांची चूल पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत या होड्यांवर पेटते.

आम्ही शिक्षक माणसे. मोठी सुट्टी म्हणजे दिवाळीची. तेव्हा भाऊबीजेच्या दिवशी आम्ही घरचे सातजण, त्यांत अम्मी आणि तीन मुले, गोवळकोटच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. होडीचे तांडेलमामू साठीचे असावेत. त्यांनी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावले, अम्मींच्या जॅकेटचा पट्टा स्वतः आवळून पाहिला, आणि नाळेवर पाय सोडून बसलेल्या आमच्या धाकट्याला म्हणाले, "बेटा, पाय आत. मगरीसाठी नाही सांगत, लाकडासाठी सांगतोय."

मुलांना हे पटले नाही. मगरीपेक्षा लाकूड जास्त धोक्याचे कसे? मामूंनी उत्तर दिले ते आमच्या लक्षात राहिले आहे. मगर होडीचा आवाज ऐकून बाजूला होते, लाकूड होत नाही.

पावसाळ्यात ही नदी घाटातून काय काय घेऊन येते याचा हिशेब नाही. उन्मळलेली झाडे, साकवाच्या फळ्या, गवताचे भारे, केळीची खोडे. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा दुकानांतला आणि घरांतला माल याच वाटेने खाली गेला. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या माडा-पोफळीच्या वाड्या झोपवल्या होत्या. पडलेला माड नदी-ओढ्यात गेला की तो सहजासहजी नाहीसा होत नाही. कोयनेचे पाणी पोफळीला वीज देऊन वाशिष्ठीतच येते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि आणलेले ओझे पुढे सरकवत राहते.

नवे, कोरडे लाकूड पाण्यावर उघडे तरंगते. ते दिसते आणि टाळता येते. खरा घात करतो तो महिनोन्‌महिने पाणी प्यालेला बुंधा. तो पृष्ठभागाच्या जेमतेम खाली असतो, कधी एक टोक जड होऊन खुंटासारखा उभा तरंगतो. वरून पाहिले तर हाताच्या तळव्याएवढा काळा डाग, खाली पुरुषभर लाकूड. मुलांचा खेळ सुरू झाला होता, "मगर!" "नाही, ओंडका!" आणि आम्ही पाहत होतो की मामूही तोच खेळ खेळत होते, फक्त त्यांना ओंडका शोधायचा होता.

पाणी वाचायची त्यांची रीत आमच्या भूगोलाच्या तासाला शोभेल अशी. भर खाडीत बगळा उभा दिसला तर त्याच्या पायाखाली काहीतरी आहे. पाण्यावर फेसाची लांब रेघ दिसली तर तिथे दोन प्रवाह घासतात, आणि पालापाचोळा, पिशव्या, फांद्या त्याच रेघेत गोळा होतात. ती रेघ काटकोनात आणि अगदी हळू ओलांडायची. वळणावर वाहते सामान बाहेरच्या अंगाला धरून जाते. पाण्यावर एकाच जागी बाणासारखी लाट उठत असेल तर खाली रुतलेला बुंधा आहे. सुटे लाकूड मात्र पाण्याबरोबर चालते, त्याची अशी लाट उठत नाही. म्हणून त्याला डोळेच लागतात. मामूंचा पुतण्या हातात बांबू घेऊन नाळेवर उभा होता तो एवढ्याचसाठी. सुकाणूवर बसलेल्याला नाळेच्या लगेच पुढचे पाणी दिसतच नाही.

आम्ही दुपारी तीनला निघालो होतो, भरती उलटून ओहोटी लागली होती, आणि होडी पश्चिमेकडे चाललेली. समोरून ऊन. पाण्यावर चांदीचा पत्रा पसरल्यासारखी चमक, आणि त्या चमकेत ना मगर दिसे ना लाकूड. मामूंनी वेग इतका कमी केला की मागच्या होडीतल्या पाहुण्यांनी आम्हाला हसत ओलांडले. आम्हाला त्या वेगाचा राग आला नाही. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ऊर्जा चौपट होते हे आम्ही नववीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देतो.

अर्ध्या तासाने इंजिन घुसमटले. आउटबोर्ड इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती धार म्हणजे इंजिनाला थंड ठेवणारे पाणी फिरते आहे याची खूण. ती बंद झाली होती. मामूंनी गिअर काढला, इंजिन बंद केले, चावी खिशात घातली, पुतण्याने नाळेवरून नांगर टाकला, आणि मग इंजिन वर उचलले. पंख्याला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गच्च गुंडाळला होता आणि पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. नांगर का, तर बंद होडी ओहोटीबरोबर आडवी वाहते आणि पुढच्या ओंडक्यावर कुशीने आदळते. कुशीपेक्षा नाळ मजबूत. लाकूड टाळता येणारच नसेल तर गिअर काढून ते नाळेवर घ्यायचे आणि पंखा वर उचलायचा, हेही त्यांनी जाळे कापता कापता सांगितले. पाण्यात उतरून पंखा सोडवण्याचा प्रकार बाकी कुठे होत असेल, मगरींच्या खाडीत नाही! सगळे काम होडीत बसून, वाकून, सुरीने.

पंधरा-वीस मिनिटे गेली. धाकटा रडवेला झाला, अम्मींचे ओठ हलत होते. मामूंनी एकच ताकीद दिली: बघायला म्हणून सगळे एका बाजूला येऊ नका.

पिशवी सुटली तेव्हा ती कुठल्याशा दुकानाची होती, नाव पुसलेले. तिच्यामागून दोन थर्मोकोलच्या प्लेटा तरंगत आल्या. दावतीच्या. आपल्याकडचा वलीमा असेल किंवा कुणाचे लग्न, पण प्लेटा मंडपामागच्या ओढ्यात जातात हे आपण सगळे जाणतो, आणि ओढा कुठे जातो हे त्या दुपारी आमच्या मुलांनी पाहिले. घरी परतल्यावर मोठ्या मुलीने याच प्लेटांवरून तिच्या मामूंशी, म्हणजे आमच्या सख्ख्या भावाशी, चांगलाच वाद घातला. त्याच्या घरी पुढच्या महिन्यात शादी आहे. वाद अजून मिटलेला नाही.

मगर शेवटी दिसली, एकच, अर्धी पाण्यात. खरे तर आम्ही दिवसच आडनिडा निवडला होता. भाऊबीज म्हणजे अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, आपल्या हिशेबाने चांद दिसण्याची वेळ. त्या दोन-तीन दिवसांत आणि पुन्हा चौदा ते सोळा तारखेच्या सुमारास उधाण असते. पाणी एरवीपेक्षा वर चढते, काठावर महिनाभर अडकून पडलेले ओंडके उचलते आणि ओहोटीला मधोमध आणून सोडते. चांदाची आठवी-नववी किंवा बावीस-तेवीस आली की भांग असतो. पाणी कमी चढते, कमी उतरते, प्रवाह संथ असतो आणि ओहोटी दुपारच्या आसपास येते. नेमके तेव्हाच चिखल उघडा पडतो, त्यावर ऊन असते आणि मगरी बाहेर येतात. म्हणजे घरात हिजरी कॅलेंडर टांगलेले असेल तर भरतीचे कोष्टक शोधायची फारशी गरज नाही.

होडी ठरवताना आम्ही आता चार गोष्टी पाहतो. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना, माणशी एक लाइफ जॅकेट आणि मुलांच्या मापाची वेगळी, नाळेवर उभा राहणारा दुसरा माणूस, आणि होडीत सुरी, बांबू, नांगर व पाणी उपसायला डबा. धडक बसलीच तर तळाच्या फळ्या उचलून पाणी येते का ते आधी पाहायचे, आणि येत असेल तर धक्का गाठायच्या नादी न लागता जवळच्या उथळ चिखलात होडी चढवायची.

डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. चांदाची नववी, सकाळी दहाला निघायचे म्हणजे जाताना ऊन पाठीवर राहील आणि जोहरपर्यंत धक्क्यावर परत येता येईल. मामूंनी भाडे तेवढेच सांगितले आहे. धाकट्याने मात्र नाळेवर बांबू घेऊन उभे राहण्याची परवानगी मागितली आहे, आणि ती मिळालेली नाही.