नेम

जानेवारीत नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी फोटोग्राफीचे संकल्प लिहितो. हौस आहे, पोटापाण्याचा धंदा नाही, त्यामुळे विचारणारं कुणी नाही. म्हणूनच लिहून ठेवावं लागतं. यंदा लिहायला बसलो आणि कपाटातून 2019ची डायरी हाताशी आली. पहिल्या पानावर चार ओळी. रोज एक फोटो. वर्षभर ऑटो मोडला हात लावायचा नाही. 70-200ची लेन्स. एका तरी स्पर्धेत नाव. त्याखाली वेगळ्या शाईनं, घाईघाईत खरडलेली पाचवी ओळ : 'सासवड. तुळशीवाल्या मावशी. फोटो द्यायचा.' पुढे दिंडीचा नंबर.

वरच्या चार ओळींचं पुढे काय झालं ते आठवावं लागलं. पाचवी वाचली आणि दिवे घाटातला पाऊस थेट अंगावर आला.

माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडला निघते, तेव्हा घाटाच्या वळणावळणावर कॅमेरे लागलेले असतात. वरून दिसणारी वारी भव्यच असते. उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेली वारी 'पहावा विठ्ठल'मध्ये पाहिली, तेव्हा मीही ती पानं पुन्हा पुन्हा उलटली होती. पण माझं मन रमतं ते संदेश भंडारे यांच्या 'वारी : एक आनंदयात्रा'सारख्या पुस्तकात, माणसांमध्ये उतरून काढलेल्या फोटोंत. म्हणून मी 50ची लेन्स लावतो. तिला झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं, आणि इतक्या जवळ गेल्यावर नजरेनं तरी विचारावंच लागतं. आषाढाच्या तोंडावरचा ढगाळ उजेडही मला फार आवडतो. चेहऱ्यावर कुठे काळी सावली पडत नाही, सुरकुती न् सुरकुती मऊ दिसते.

त्या उजेडात मावशी आल्या. डोक्यावर पितळी वृंदावन, मंजिऱ्यांवर पावसाचे थेंब. कपाळावर गोपीचंदन, त्यावर बुक्का, पाठीवर निळ्या प्लास्टिकच्या कागदाची खोळ. एक हात वृंदावनाला धरलेला, आणि त्या हाताच्या हिरव्या बांगड्यांमधून पाणी ओघळत कोपरापर्यंत आलेलं. मी सहा फोटो काढले. त्या थांबल्या.

"माउली, फोटू काढलास. मला कवा देनार?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे फोन नव्हता. पत्ता विचारला तर म्हणाल्या, "रथाच्या मागं." आणि दिंडीचा नंबर सांगितला. सोहळ्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे नंबर ठरलेले असतात. लाखोंच्या गर्दीत माणूस हरवला तर त्या नंबरावरून सापडतो. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी, सासवडला." त्या मान हलवून चालू लागल्या.

पुढच्या वर्षी वारीच निघाली नाही. 2020मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, 2021मध्येही तेच. 8 बाय 12ची प्रिंट बटर पेपरात गुंडाळून कपाटात राहिली. मधल्या काळात ती ज्यांना दाखवली त्या सगळ्यांनी वाखाणली. मी फोटो चेहऱ्यापर्यंत घट्ट कापला होता. डोळे, बुक्का, ओला पदर, एवढंच.

2022ला वारी पुन्हा पायी निघाली. सासवडच्या तळावर मी दोन तास फिरलो. ट्रक, राहुट्या, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, चुलीवरच्या पिठल्याचा वास. प्रत्येक ट्रकवरचा फलक वाचत गेलो आणि नंबर सापडला. मावशी ट्रकच्या सावलीत पायांना तेल चोळत बसल्या होत्या. मला ओळखलं नाही, फोटोला ओळखलं. हात पुसून त्यांनी तो लांब धरला, मग जवळ घेतला. शेजारणी गोळा झाल्या. मग बोट कपाळाच्या वर, जिथे कागद संपत होता, तिथे टेकवून त्यांनी विचारलं,

"आन् तुळस रं?"

तुळस नव्हती. घरी कॉम्प्युटरवर फाइलमध्ये ती होती, अख्खी, थेंबांसकट. मी ती कापली होती.

"माजं तोंड कशाला यवडं मोठं? मी तिला घिऊन चालतिया."

रागावल्या नव्हत्या. फोटो पिशवीत नीट ठेवला, मला भाकरी वाढली. मी विचारलं, "मावशी, कितवी वारी?" त्या म्हणाल्या, "एकोणिसावी. मदी दोन वर्सं नेम चुकला." रस्ते बंद होते, पालखी एसटीनं गेली, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. तरी चुकला तो चुकलाच.

नेम हा शब्द तेव्हापासून मनात घोळतो आहे. आपल्या भाषेत नेम म्हणजे व्रतही आणि नेम म्हणजे निशाणही. एकादशीचा नेम धरतात आणि दगडाचा नेमही धरतात. माझ्या संकल्पांत निशाण होतं, व्रत नव्हतं. यंदा अमुक यायला हवं, तमुक घ्यायला हवं. वारकरी यंदा जोरात चालेन म्हणत नाही. त्याच रस्त्यानं, त्याच तिथीला, पुन्हा येईन म्हणतो. आणि मला वाटतं, हात सुधारतो तो अशा पुन्हा येण्यानंच. त्याच वळणावर दुसऱ्यांदा उभं राहिल्यावर गेल्या वेळी काय कापलं गेलं ते कळतं.

2023ला मी घाटात आठ पावलं मागे उभा राहिलो. पायांपासून मंजिऱ्यांच्या टोकापर्यंत सगळं चौकटीत घेतलं. चेहरा नखाएवढा आला. 2024ला ती प्रिंट नेऊन दिली, तेव्हा मावशींनी आधी तुळस पाहिली, मग म्हणाल्या, "आता आली."

तुमच्या फोनमध्येही असे कितीतरी चेहरे असतील, ज्यांना त्यांचा फोटो कधी मिळालेलाच नाही. यंदा त्यातला एक छापा आणि स्वतः नेऊन द्या. देताना त्यांचं बोट कुठे टेकतं ते बघा.

माझ्या नव्या डायरीत एकच ओळ आहे : सासवडच्या आधी प्रिंट तयार हवी.