किरकोळ नोंदी

मराठी घरातलं रोजचं लिखाण पाहायचं तर पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊ नये. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहावं. तिथे बहुतेक ‘कालनिर्णय’ असतं. १९७३ साली निघालेल्या या दिनदर्शिकेत तिथी, सण, एकादश्या छापून येतात आणि त्याच चौकटींत घरातल्या बाईचं पेनने लिहिलेलं असतं : दूध दीड, आज दूध नको, मावशींचा खाडा, सिलिंडर लावला, भिशी. माणसं का लिहितात असं विचारलं की ‘व्यक्त होण्यासाठी’ हे उत्तर तयार असतं. कवींच्या बाबतीत ते खरं असेलही, पण ‘सिलिंडर लावला’ असं लिहून कुणी व्यक्त होत नाही. ‘लक्षात राहावं म्हणून’ हे दुसरं उत्तर, आणि तेही अर्धंच, कारण महिना उलटला की ते पान मागे जातं आणि सहसा कुणी पुन्हा पाहत नाही. मला वाटतं, साधी माणसं लिहितात ती जिथे गोष्टी आपल्या हातात नसतात तिथे. दूधवाल्याचा हिशेब त्याच्या तोंडी असतो. बाईची नोंद भिंतीवर असते. महिनाअखेरीला दोघं समोरासमोर आले की त्या चौकटींमुळे तिच्या शब्दाला वजन येतं.

घरखर्चाच्या वहीतही हेच दिसतं. ज्या घरांत कमावणारा एक आणि खर्च चालवणारी दुसरी, तिथे पहिल्या तारखेला ठरावीक रक्कम हाती येई. ती किती असावी हे ठरवण्यात त्या बाईला बहुधा वाव नसे. तेलाचा भाव, शाळेची फी, अचानक आलेले पाहुणे, यांवरही तिचा ताबा नव्हता. लिहून यातलं काही स्वस्त होत नाही. पण पैसे गेले कुठे, हा प्रश्न आला की उत्तर तिच्यापाशी असे, आणि तिने कधीतरी स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूला ‘किरकोळ’ या रकान्यात जागाही मिळे. दवाखान्यात रुग्णाशेजारी बसलेल्या नातेवाइकाची वही तर याहून बोलकी. ताप किती, सलाईन कधी लावलं, लघवी किती झाली, हे सगळं नर्स आपल्या तक्त्यात लिहीतच असते. तरी तो माणूस रात्रभर जागून त्याच आकड्यांची दुसरी प्रत करतो. उपचार त्याला कळत नाहीत, त्यांचा वेग त्याच्या हाती नाही. नुसतं बसून राहणं असह्य होतं, तेव्हा वेळ टिपणं एवढंच काम उरतं आणि ते तो अत्यंत काळजीपूर्वक करतो. त्या वहीला निरुपयोगी म्हणायला माझं मन धजत नाही.

गिरणगावातली मनिऑर्डर हे या लिखाणाचं सर्वांत दाटीवाटीचं रूप. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून मुंबईत आलेला कामगार खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राही, खाणावळीत जेवे आणि पगार झाला की गावी पैसे धाडी. फॉर्मच्या शेवटी निरोपासाठी चार ओळींची जागा असे. पावसाआधी छपराचं पाहा, मुलाला शाळेतून काढू नका, आईला डॉक्टरकडे न्या. घर चालत होतं त्याच्या पैशावर, पण घरातले निर्णय त्याच्यामागे होत. त्या चार ओळी म्हणजे घरात त्याचा पाय. ज्याला लिहिता येत नसे तो मुंबईच्या जीपीओसमोर बसणाऱ्या पत्रलेखकाकडे जाई, आणि गावी ते पत्र पोस्टमन किंवा शाळेतला एखादा पोरगा मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे लिहिताना एक परका, वाचताना दुसरा. यात खासगी असं काही बोलताच येत नसे. ‘पत्रास कारण की’ अशा ठरीव वळणांची पुढे चेष्टा झाली, पण त्या वळणांमुळे अक्षरओळख नसलेल्या माणसाचा निरोपही रीतसर कागद होई, आणि घरच्यांना तो टाळणं अवघड जाई.

यावर एक आक्षेप सहज येतो, आणि तो मला मोलाचा वाटतो : ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं काय? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ऐकून टिपून घेतली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. जात्यावरच्या ओव्या तर असंख्य बायकांच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, भाऊ, माहेरची वाट, नवऱ्याचा राग, हे सगळं त्यांत आहे. तेव्हा लेखणीचीच एवढी थोरवी का सांगावी? आक्षेप बरोबर आहे, फक्त तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. लेखणी करते ते काम तिथे ओवी करत होती. लग्न कुणाशी व्हावं, माहेरी कधी जावं, यातलं काहीच जिच्या हाती नव्हतं तिला पहाटेच्या अंधारात आपली बाजू मांडायची जागा जात्यापाशी मिळाली. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट कमी झाले, आणि त्याचं दुःख मानण्याचं कारण नाही. पण ती जागाही गेली.

दुसरा आक्षेप असा की दुःख उगाळून लिहिल्याने ते वाढतं. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्या झाल्या मुलं अधिकच खिन्न झाली. मात्र घडलेलं आणि त्यामागच्या भावना ज्यांनी दोन्ही लिहिल्या, त्यांचं पुढच्या महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाणं इतरांपेक्षा कमी राहिलं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच आढळला, म्हणून लिखाणाला कुणी औषध समजू नये. मला त्यातलं एवढंच पटतं की लिहिताना आधी काय झालं, मग काय झालं, हे ठरवावं लागतं. आणि अंगावर कोसळलेल्या प्रसंगात निदान तो क्रम लावणं आपल्याकडे येतं. असा क्रमही न लावता रामनामाच्या छापील चौकटींच्या वह्या भरणारा माणूस तर वाचकही मागत नाही, आठवणही नाही. तो एकेक चौकट भरतो आणि वही देवळात देऊन टाकतो.

उरला तो आक्षेप क्षुद्रतेचा : दुधाचा हिशेब आणि खरं लेखन एका पंक्तीला कसं बसवता? गुणाने नाहीच बसवत. पण लिहायला बसवणारी निकड एकच आहे, असं मी आग्रहाने म्हणेन. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती पुढे कमी झाली. वर्तमानपत्रांतून तिच्यावर आणि एकूणच स्त्रियांच्या नीतीवर टीका होत राहिली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे लेखिका म्हणून कुणाला ठाऊक नव्हत्या. सुरतेच्या खटल्यात त्यांचं कुणी ऐकणार नव्हतं, आणि संपादकांच्या खुर्च्यांवर सगळे पुरुषच होते. ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, १८८२ मध्ये पुण्यात छापून आणली, आणि त्या सगळ्यांना उत्तर मागितलं.