तक्त्यात नसलेली सासू

सोलापूर, मे. रात्रपाळी करून आले, तर घराच्या भिंती अजून तापलेल्याच.

आज वॉर्डात पुन्हा तोच तक्ता. कांगारू केअर किती मातांना शिकवली? आकडा लिहिला, काम संपलं! बाळ उघड्या छातीशी धरायला शिकवणं अवघड नाही हो. अवघड असतो तो उकाडा, पडदा नसलेली खाट आणि 'असं उघडं बसायचं का?' म्हणणारी सासू. एकदा सासूच्याच छातीशी नातू दिला. तास झाला, तरी बाई सोडेना. तक्त्यात तिला रकाना नाही.

मूल्यमापनाचे अभ्यासक पॉसन आणि टिली यांनी १९९७च्या पुस्तकात हेच मांडलं: उपाय लागू पडला का, एवढ्यावर थांबू नका, कुणाला, कुठल्या परिस्थितीत, कशामुळे, तेही शोधा. गडचिरोलीचंच बघा: तिथं बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजातांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. मला त्या आकड्यामागची गावातलीच, ओळखीची आरोग्यदूत जास्त खुणावते.

उद्या वहीत हातानं एक रकाना आखणार आहे: बाळ कुणी धरलं?