परभणीकर जोडपे आणि जुनी राजधानी

परभणी जिल्ह्यातील एखादे नवविवाहित जोडपे असो किंवा सेवानिवृत्तीनंतर प्रथमच सवडीने बाहेर पडलेले वयस्क पती-पत्नी असोत, दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी मुंबईपेक्षा हैदराबादच त्यांना अधिक सोयीचे वाटते, आणि याला अंतराइतकाच इतिहासही कारणीभूत आहे. रात्री परभणीला गाडीत बसावे आणि सकाळी हैदराबादेतील काचीगुड्याला उतरावे, ही सोय ज्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गामुळे झाली, तो विसाव्या शतकाच्या आरंभी ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने मीटरगेज स्वरूपात, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवून, परभणी तेव्हा ज्यात होती त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात टाकला गेला होता. सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामाची राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. परभणीची राजधानी अशा रीतीने मुंबई झाली, तरी सहलीला निघालेली माणसे मात्र आजही जुन्याच राजधानीची गाडी धरतात.

तेथे पोचल्यावर ती जे पाहतात, त्याचा क्रम ठरून गेलेला आहे: १५९१ चा चारमिनार, लगतच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांची घासाघीस, गोवळकोंडा, हुसेनसागरातील बुद्धमूर्ती, आणि जमल्यास चित्रनगरीसाठी एक आख्खा दिवस, जो या लेखाच्या दृष्टीने वाया गेलेलाच म्हणावा. या सर्वांत सालारजंग संग्रहालय हे ठिकाण सर्वाधिक विचार करण्याजोगे आहे. जियोव्हानी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडवलेली ‘व्हेल्ड रिबेका’ ही बुरखाधारी वधूची संगमरवरी मूर्ती तेथे आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा दगडी बुरखा ओल्या मलमलीसारखा इतका पातळ दिसतो की, त्याआडचे नाक, ओठ आणि खाली वळलेली नजर स्पष्ट जाणवते. ही मूर्ती पहिले सालारजंग, म्हणजे मीर तुराब अली खान, यांनी १८७६ मध्ये इटलीत विकत घेतली. ते १८५३ ते १८८३ या काळात संस्थानाचे दिवाण, अर्थात मुख्य प्रशासक होते, आणि शेतसाऱ्याची वसुली मक्त्याने देण्याची जुनी रीत मोडून पगारी अधिकाऱ्यांच्या हाती कारभार देणारी ‘जिल्हाबंदी’, म्हणजे मुलखाची जिल्हावार मांडणी, त्यांनीच १८६५ च्या सुमारास अमलात आणली. आजच्या परभणी जिल्ह्याच्या प्रशासकीय रूपाचे मूळ त्या मांडणीत आहे. मूर्तीसमोर उभे राहिलेले जोडपे तिच्या कारागिरीने थक्क होते, परंतु आपल्या जिल्ह्याची आखणी आणि या दगडी वधूची खरेदी एकाच माणसाच्या कारकिर्दीतली आहे, हे त्याच्या गावीही नसते. या घराण्याच्या जहागिरीत, म्हणजे ज्यांचे उत्पन्न सरकारऐवजी जहागीरदाराकडे जाई अशा गावांत, मराठवाड्यातील अजिंठाही होते, हे लक्षात घेतले तर संग्रहालयातील परदेशी वस्तू वाटतात तितक्या परक्या उरत नाहीत.

त्याच संग्रहालयाच्या चौकात कलकत्त्याच्या ‘कुक अँड केल्वी’ या पेढीचे एक मोठे घड्याळ आहे. तास भरत आला की बाहेरची सारी गर्दी तेथे गोळा होते, लहान मुलांना खांद्यावर घेतले जाते. मग घड्याळातील छोट्या दारातून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले देतो आणि आत निघून जातो. बारा वाजता टोले सर्वाधिक असल्यामुळे गर्दीही तेव्हाच सर्वाधिक असते. एरवी कुठे घटकाभर न टेकणारी ही माणसे या बाहुल्यासाठी मात्र तिष्ठत राहतात, यावरून एवढे म्हणता येईल की, सहलीत वस्तूंपेक्षा घडणाऱ्या गोष्टी अधिक लक्षात राहतात. गोवळकोंड्याचा अनुभवही याच जातीचा असून, तेथे बालाहिसार दरवाज्याच्या घुमटाखाली नवऱ्याने वाजवलेली टाळी टेकडीच्या माथ्यावर पोचलेल्या बायकोला ऐकू येते की नाही, याची परीक्षा बहुतेक जोडपी करून पाहतात. शत्रूची चाहूल वर कळावी म्हणून योजलेली ही ध्वनिव्यवस्था १६८७ मध्ये औरंगजेबाच्या सैन्यापुढे फारशी कामी आली नाही. वाटाड्या मात्र हा भाग सहसा गाळतो.

ज्या नगरीला एकेकाळी आपला महसूल जात होता, तिच्याकडे पर्यटक म्हणून जाणे ही काही परभणीचीच गोष्ट नव्हे. दक्षिण अमेरिकेत पोतोसीच्या खाणींची चांदी दीर्घकाळ लिमा या राजधानीच्या सत्तेखाली होती. पुढे पोतोसी शहर बोलिव्हिया या निराळ्या देशात गेले, आणि आज तेथील जोडपे लिमा पाहू लागले तर त्याच्या हाती परदेशी प्रवाशाचाच नकाशा असणार. फरक इतकाच की, परभणीचा जुन्या राजधानीशी असलेला कागदोपत्री संबंध अद्याप तुटलेला नाही. मराठा आरक्षणाच्या संदर्भात निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबादचे दप्तर तपासावे लागले, आणि त्या नोंदी ग्राह्य धरण्याविषयीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द मराठवाड्यातील पारावरही ऐकू येऊ लागले. जुने दप्तर ज्या तारनाका भागातील अभिलेखागारात ठेवलेले आहे, तो सहलीच्या बसच्या थांब्यांत येत नाही, आणि त्यातील बराचसा मजकूर उर्दूत असल्याने तेथे जाणाऱ्याला वाटाड्याऐवजी उर्दू वाचणारा माणूस सोबत न्यावा लागतो.