फक्त वर्तमानकाळ

नवशिक्यांच्या स्पॅनिश पुस्तकात 'कातडी' हा शब्द फार उशिरा येतो. आधी सफरचंद येतं, मग मांजर, मग मुलगा दूध पितो आणि मुलगी पाणी पिते. माझं नाव अमुक, मी भारतातली, मी माद्रिदजवळ राहते. पुढे रंग, वार, कॉफी कशी मागायची. माझं पुस्तक अठ्ठेचाळिसाव्या पानापर्यंत आलं होतं तेव्हा माझी मुलगी जन्मली. पुढच्या दोन दिवसांत मला जे शब्द शिकावे लागले, ते त्या अठ्ठेचाळीस पानांत कुठेच नव्हते. पिएल म्हणजे कातडी. आम्पोया म्हणजे फोड. आगुखा म्हणजे सुई. गासा म्हणजे गॉज.

एक शब्द मात्र आधीपासून येत होता. मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू. रंगांच्या धड्यात होतं, पिवळं.

तिच्या आजाराचं वैद्यकीय नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा, थोडक्यात ईबी. स्पेनमध्ये लोक त्याला 'पिएल दे मारिपोसा' म्हणतात, फुलपाखराची कातडी. पंखाला बोट लावलं की रंग बोटावर येतो, तशी ही कातडी नुसत्या घासण्यानं निघते. आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर असतात, आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे बारीक दोरे असतात. तिच्या प्रकारात, म्हणजे रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक ईबीमध्ये, ते दोरे बनवणारं कोलॅजन-७ नावाचं प्रथिन शरीर नीट तयारच करत नाही. त्यामुळे वरचा थर सुटतो, मधे पाणी भरतं, फोड येतो आणि फोडाची जखम होते. हे सगळं मला डॉक्टरांनी अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. मी कऱ्हाडला फोन करून आईला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "म्हणजे कापड आहे, अस्तर आहे, पण मधे टाकेच घातलेले नाहीत."

आईनं तीस वर्षं ब्लाउज शिवले आहेत. त्यानंतर इंटरनेटवर मी या आजाराबद्दल पुष्कळ वाचलं, पण याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

बाळ पाच आठवड्यांचं असताना आई आली. शेंगेन व्हिसावर नव्वद दिवस मिळतात. आम्ही खेताफेला राहतो, माद्रिदच्या दक्षिणेला लागूनच असलेलं गाव. आईच्या बॅगेत खोबरेल तेलाची बाटली होती, चांदीचे वाळे होते, करदोरा होता, काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या आणि सहा दुपटी होती. माझ्या भावाच्या दोन्ही मुलांना तिनं स्वतःच्या हातांनी रगडून मालिश केलं आहे. पायांवर पालथं घालून, टाळूवर तेल जिरवून, मग कडकडीत अंघोळ आणि घट्ट दुपटं. आपल्याकडे बाळावरचं प्रेम हाताच्या दाबात असतं. आईनं एकदा बाळाच्या पायाकडे पाहिलं, मग बॅगेकडे, आणि वाळे-करदोरा-मनगट्या पुन्हा रुमालात बांधून कपाटात ठेवल्या. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

आठवड्यातून दोनदा नर्सबाई यायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. आईला इंग्रजीही येत नव्हतं आणि स्पॅनिशही. मला अठ्ठेचाळीस पानं येत होती. नवरा सकाळी आठला घराबाहेर. अशा तीन बायका मिळून एका बाळाचं ड्रेसिंग करायच्या, आणि ते पूर्ण व्हायला दोन तास लागायचे.

पहिला धडा उचलण्याचा होता. बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. ओढायचं नाही, सरकवायचं नाही. 'पोर देबाखो,' खालून. एक हात बुडाखाली, एक मानेमागे, मधे मऊ गादीचा तुकडा, आणि सगळं एकदम वर. या कातडीला सरळ दाब एक वेळ सोसतो, घासणं सोसत नाही. नर्सबाई हे बोलायच्या कमी आणि करून दाखवायच्या जास्त. प्रत्येक हालचालीसोबत एकच शब्द: देस्पाथिओ. हळू. माद्रिदकडे त्या शब्दातला 'स' जिभेच्या टोकावर येऊन 'थ'सारखा होतो, म्हणून आईला तो आधी ओळखू आला नाही. मी सांगितलं, २०१७ साली ते 'देस्पासितो' गाणं सगळीकडे वाजत होतं ना, तोच शब्द. देस्पासितो म्हणजे अगदी हळूच. आई म्हणाली, "आमच्या मंडळानं तर ते मिरवणुकीत लावलं होतं. हळू म्हणतंय आणि एवढ्या मोठ्यानं?"

शब्द लिहायला तिनं कऱ्हाडहून आणलेली मापांची वही घेतली. छाती, कंबर, बाही, मुंढा असे रकाने तिनं आधीच आखलेले होते. त्यातच ती लिहू लागली. छातीखाली आगुखा, कंबरेखाली बेंदा, बाहीखाली गासा. स्पॅनिश देवनागरीत लिहायला सोपं आहे, कारण जसं लिहितात जवळजवळ तसंच बोलतात. इंग्रजीनं आयुष्यभर ज्या बाईला घाबरवलं, ती या भाषेत चौथ्या दिवशी वाचायला लागली.

तिचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, 'सोय कोस्तुरेरा.' मी शिवणकाम करते. हे ऐकून नर्सबाईंनी लगेच बाळाचे कपडे तिच्यापुढे ठेवले. ईबीच्या बाळाला कपडे उलटे घालतात, शिवण बाहेर यावी म्हणून. लेबलं कापायची, इलॅस्टिक काढायचं, डायपरच्या मांडीजवळच्या कडाही कापायच्या. आईनं संध्याकाळपर्यंत मऊ सुती कापडाची चार झबली शिवली. पुढून उघडी, बंदांची, डोक्यावरून न घालता येणारी, सगळी शिवण बाहेरच्या बाजूला. नर्सबाईंनी त्यांचे फोटो काढून नेले. झबलं हा शब्द त्यांना शेवटपर्यंत म्हणता आला नाही.

गोंधळही व्हायचे. आई घाईत मराठीत बोलायला लागली की सारखं 'मला, मला' यायचं. स्पॅनिशमध्ये 'माला' म्हणजे वाईट, आणि 'एस्ता माला' म्हणजे ती आजारी आहे. एकदा आई म्हणत होती, "मला जरा बघू दे," आणि नर्सबाई दचकून बाळाचं कपाळ तपासायला लागल्या. दुसरा गोंधळ एकेरीचा. स्पॅनिशमधलं 'तू' म्हणजे आपलंच 'तू', आणि 'उस्तेद' म्हणजे तुम्ही. स्पेनमध्ये सर्रास तू म्हणतात. "माझ्या मुलीच्या वयाची बाई, आणि मला तू?" आई म्हणाली. तिनं मात्र शेवटपर्यंत त्यांना उस्तेदच म्हटलं.

पण त्या 'मला'मुळेच पुढची गोष्ट कळली. मी वर्गात जायचे तेव्हा 'मे गुस्ता' या एका प्रयोगावर आमच्या शिक्षिकेनं दोन तास घालवले होते. इंग्रजीच्या सवयीनं शिकणाऱ्यांना तो उलटा वाटतो. इंग्रजीत मी वस्तूला पसंत करते, मी कर्ता. स्पॅनिशमध्ये वस्तू मला आवडते. मी ते इंग्रजीवरून पाठ केलं होतं. आईला 'ले दुएले' हे वाक्य आलं तेव्हा तिनं विचारलं, ले म्हणजे काय? तिला. दुएले? दुखतं. "तिला दुखतं. मग आपल्यासारखंच की." तेवढ्यात तो धडा संपला. मे गुस्ता, मला आवडतं. ले दुएले, तिला दुखतं. दोन्ही भाषांमध्ये दुखणं बाहेरून माणसाकडे येतं, आणि माणूस 'ला' लावून जरा बाजूला उभा असतो. बाळाचं ड्रेसिंग करताना मला हे फार उपयोगी पडलं. ती किंचाळायची तेव्हा समोर दुखणं असायचं, आणि ते ज्याला होतंय ते बाळ वेगळं असायचं. हात दुखण्याशी काम करायचे आणि डोळे बाळाकडे बघायचे.

फोड आला की तो मोठा होण्याआधी फोडावा लागतो, नाहीतर पाण्याच्या दाबानं तो कडेकडेनं पसरत जातो. निर्जंतुक सुई, फोडाच्या सगळ्यात खालच्या बाजूला छेद, गॉजनं हलकेच टिपायचं आणि वरची कातडी तशीच ठेवायची, कारण जखमेवरचं तेच सर्वांत चांगलं झाकण. वर न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी, त्यावर मऊ बेंदा. बोटं एकमेकांना चिकटून जुळू नयेत म्हणून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं. चिकटपट्टी कुठेही नाही. आईचा सुईवरचा हात माझ्यापेक्षा शांत होता.

याच काळात गावाकडून फोन यायचे. दोन प्रश्न असायचे. पहिला, कुणाकडून आलं? ग्रहणात बाहेर गेली होती का? या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ आहे. या प्रकारात आई आणि वडील दोघंही एका बिघडलेल्या जनुकाचे वाहक असतात. त्यांना स्वतःला काहीच होत नाही, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. डॉक्टरांनी हे मला माझ्या पातळीच्या स्पॅनिशमध्ये सांगितलं होतं: तू नाही, तो नाही, दोघं, आणि 'नादिए तिएने ला कुल्पा', कोणाचाच दोष नाही. आईनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. नंतर एका आत्याच्या फोनवर तिनं ते आधी स्पॅनिशमध्ये म्हटलं आणि मग मराठीत. आत्या पुन्हा त्या विषयावर आली नाही. न कळणाऱ्या भाषेचा असाही धाक असतो.

दुसरा प्रश्न जास्त कठीण होता. बरी होईल ना? मोठी झाल्यावर कसं होणार? उत्तरं मला ठाऊक होती. या प्रकारात बोटं जुळत जातात, अन्ननलिका अरुंद होते, आणि तरुणपणीच त्वचेच्या कॅन्सरचा धोका फार मोठा असतो. हेही ठाऊक होतं की जखमेवर लावायच्या पहिल्या जनुकीय जेलला २०२३ मध्ये अमेरिकेत आणि २०२५ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. त्यात एका निष्प्रभ केलेल्या विषाणूमार्फत कोलॅजन-७चं चांगलं जनुक जखमेतल्या पेशींना पोचवतात. जखमा भरतात. आजार जात नाही, जेल पुन्हा पुन्हा लावावं लागतं. मराठीत या सगळ्याचं बोलणं सुरू झालं की मी चाळीस वर्षं पुढे जायचे आणि रात्री तीनला परत यायचे.

स्पॅनिशमध्ये मला पुढे जाताच येत नव्हतं. माझ्याकडे फक्त वर्तमानकाळ होता. भूतकाळ पुढच्या भागात, भविष्यकाळ त्याच्याही पुढे. शिवाय स्पॅनिशमध्ये 'असणं' या अर्थाची दोन क्रियापदं आहेत. 'सेर' म्हणजे जे मुळात आहे ते, आणि 'एस्तार' म्हणजे जे आत्ता, या घडीला आहे ते. नर्सबाई दारातून विचारायच्या, 'के ताल एस्ता?' हा प्रश्न एस्तारमधला असतो. तो आजचंच विचारतो. मी सांगायचे, आज बरी आहे. आज टाचेवर नवीन फोड आहे. आज दूध पितेय. त्या पलीकडचं विचारायला त्यांना वेळ नव्हता आणि सांगायला मला व्याकरण नव्हतं. दिवसातले ते दोन तास मी त्या खोलीतच असायचे, दुसरीकडे कुठेही नाही. मला नाही वाटत की हे पळून जाणं होतं. चाळीस वर्षांनंतरचं ड्रेसिंग आज करता येत नाही, टाचेचं करता येतं.

आईची खरी परीक्षा लिफ्टमध्ये झाली. इथली माणसं बाळ दिसलं की हात लावतात, गाल ओढतात, आपल्यासारखीच. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंचा हात बाबागाडीकडे आला तेव्हा मी कुलूप लावत मागे होते. आई मधे उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "नो ला तोके, पोर फाबोर. पिएल दे मारिपोसा." हात लावू नका, कृपा करून. फुलपाखराची कातडी. त्या बाईंनी हात मागे घेतले आणि पाठीमागे बांधले. त्या दिवसापासून त्या आम्हाला भेटल्या की आधी हात मागे बांधायच्या आणि मग बोलायच्या, आईला कळेल इतक्या सावकाश. त्यांनीच आम्हाला 'पुपा' हा शब्द शिकवला. लहान मुलाला लागलं की इथे पुपा म्हणतात. आईनं त्यांना 'बाऊ' शिकवला.

नव्वदाव्या दिवशी आई गेली. वही ठेवून गेली. आता तिचे व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप येतात. सुरुवात 'के ताल एस्ता'नं होते, मग झबल्याचं माप विचारते, कारण दर तीन महिन्यांनी कुरियरनं नवी झबली येतात. माझं पुस्तक पुढे सरकलं आहे. भूतकाळ आला, भविष्यकाळही आला, आणि डॉक्टरांशी त्यात बोलावंही लागतं.

मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. गेल्या महिन्यापासून ती कुठे दुखतं ते दाखवायला लागली आहे. गुंडाळलेलं बोट गुडघ्यावर ठेवते आणि म्हणते, पुपा. कधी म्हणते, बाऊ. लिफ्टमधल्या आजी सकाळी भेटल्या असतील तर पुपा, कऱ्हाडचा फोन झाला असेल तर बाऊ. इतके दिवस तिच्या रडण्यावरून आम्ही अंदाज करत होतो. आता ती सांगते आणि आम्ही त्या जागी बघतो.